गुडघे टेकायची घाई

फोन आला तेव्हा माझी जपमाळ अर्ध्यावर होती. ती पुरी होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून फोन रेआलनंच उचलला. रेआल माझा धाकटा भाऊ. त्याची बायको गेल्यापासून आम्ही दोघं या तीन मजली लाकडी घरात तळमजल्यावर राहतो. तो आमच्या गावच्या हॉकी संघाचा कोच आहे. आमचा संघ म्हणजे शहरातल्या मोठ्या संघाची रोपवाटिका. पोरं इथे येतात, बर्फावर पडत-उठत तयार होतात, आणि तिकडे कुणाचं हाड मोडलं की फोन येतो.

"हं," रेआल म्हणत होता. "कुठलं बोट? ... हं. दुपारपर्यंत सांगतो."

मी क्रूसाला ओठ लावले, माळ खिशात ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"त्यांच्या पहिल्या गोलीचं बोट मोडलं," तो म्हणाला. "दुसरा आता जाळ्यात उभा राहील. मग बाकावर बसायला एक राखीव हवा. त्यांना ओट्सो हवाय."

ओट्सो आमच्या संघाचा गोली, म्हणजे गोलरक्षक. आमच्याच घरात, तिसऱ्या मजल्यावर राहतो. वीस वर्षांचा, फिनलंडचा. जाळ्यासमोर उभं राहून रबरी चकती अडवायची, एवढंच त्याला येतं आणि तेवढंच त्याला आवडतं. मधल्या मजल्यावर डार्सी. तोही गोलीच, पण तेहतीस वर्षांचा. दोघांपैकी एक खेळतो, दुसरा बाकावर बसतो. यंदा खेळणारा बहुतेक वेळा ओट्सोच.

"मग पाठव ओट्सोला," मी म्हटलं.

"पाठवून काय? इथे तो खेळतोय, शिकतोय. तिथे नुसता बसून गंजेल. आणि दुसराही लंगडला, तर एकदम जाळ्यात. कच्च्या पोराला तिथे उभं केलं की काय होतं ते तू पाहिलंयस."

"मग नको पाठवूस."

"तेही तोंडातून निघत नाही गं. ओट्सो गेला तर आमची बाद फेरी गेली. आता मी 'नको' म्हणतोय ते त्याच्या भल्यासाठी, की माझ्या संघासाठी? माझं मलाच कळेना. आणि ते म्हणतात, रोज तू बघतोस, तुझ्या शब्दावर ठरवतो."

त्यानं छताकडे पाहिलं. वर डार्सी चालत होता. त्याचं एक पाऊल जड पडतं, कमरेचं दुखणं आहे.

"रोज मी बघत नाही," रेआल म्हणाला. "रोज तो बघतो."

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता, म्हणून माझा चहा बिनसाखरेचा आणि न्याहारीला फक्त प्लॉय, म्हणजे आमच्याकडची कुट्टूची घावनं. डार्सीसाठी मी काकवीची बाटली काढली. उपवास माझा आहे, त्याचा नाही. तो जिन्यावरून एकेक पायरी उतरत आला, वास घेतला आणि म्हणाला, "तांत, आज कुणाचा वाढदिवस?" तांत म्हणजे आमच्या भाषेत मावशी. सगळी पोरं मला तेच म्हणतात.

रेआलनं त्याला बसू दिलं, दोन घावनं खाऊ दिली, मग सगळं सांगितलं. डार्सीनं हातातला काटा खाली ठेवला.

डार्सीची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्यासमोर कुणी काढत नाही. तोही विसाव्या वर्षी असाच एका फोनवर गेला होता. अर्धाच सामना टिकला. पाच गोल खाल्ले, आणि सगळ्या प्रेक्षकांसमोर त्याला बाहेर काढून बसवलं. परत आला तो घाबरा होऊनच. पुढची कितीतरी वर्षं चकती आत गेली का ते खांद्यावरून मागे बघण्यात गेली. नंतर मोठ्या संघानं त्याला चार-दोनदा नेलं, पण बाकावर बसायलाच. आता कंबर ऐकत नाही. बायको आणि दोन मुली तिकडे दूर मॅनिटोबा प्रांतात, आणि येत्या उन्हाळ्यात खेळणं बंद, हे त्यानं मला नाताळातच सांगितलं होतं. तेव्हा भांडी पुसता पुसता एवढंच म्हणाला होता, "एकदा तिथे पुन्हा उभं राहायचंय, तांत. जिंकायलाच हवं असं नाही. मान खाली न घालता बाहेर यायचंय, बस."

"पोरगा तयार आहे का?" रेआलनं विचारलं.

"हे मला विचारतोस?"

"तुलाच."

"रेआल, तो तयार नसला तर कोण जाणार?"

"तू."

"मग मला विचारू नकोस."

"तूच सांगू शकतोस म्हणून विचारतोय. खोटं बोललास तर मला कळेल, खरं बोललास तरी कळेल. बोल."

डार्सीनं ताटली बाजूला सारली. माझ्या तव्यावरचं घावन करपलं तरी मी उतरवलं नाही.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "तयार नाही. चकती दिसली रे दिसली की गुडघे टेकतो. इथली पोरं घाबरट, झटपट मारून मोकळी होतात, त्यामुळे त्याचं निभतं. तिथले थांबतात. तो खाली बसेपर्यंत थांबतात, मग खांद्यावरून घालतात. एक वर्ष दे त्याला. निदान या हंगामाचा शेवट तरी दे."

"झालं तर मग."

"पण मला पाठवू नकोस. बाहेरून कुणी आण."

"दुपारपर्यंत बाहेरून कुणाला आणू? आमच्या या लिओनीला पाठवू? तिला प्रार्थनेला गुडघ्यांवर बसायची सवय आहे."

लिओनी म्हणजे मी. मला हसू आलं, पण डार्सीला आलं नाही. तो माझ्याकडे वळला. "तांत, तुम्ही सांगा. त्याची जागा मला मिळावी म्हणूनच मी बोललो असेन तर? आतून मला कसं कळणार?"

मी काही धर्मगुरू नाही. पण तो वाट बघत होता, म्हणून म्हटलं, "खरं बोललास ना? मग त्यात तुझा फायदा झाला म्हणून ते खोटं ठरत नाही. फक्त हे त्याला तूच सांग. गावातून त्याच्या कानावर जायला नको."

वरचं दार वाजलं. ओट्सो दोन-दोन पायऱ्या उतरतो. ओल्या केसांनी तो दारात उभा राहिला, आमची तोंडं बघितली.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही," डार्सी म्हणाला. "बस. तिकडच्या गोलीचं बोट मोडलंय. त्यांना तू हवा होतास. रेआलनं मला विचारलं, मी म्हटलं तू तयार नाहीस. मी जातोय."

ओट्सो बसला नाही.

"तू म्हटलंस?"

"मीच."

"सगळ्या लीगमध्ये सगळ्यात कमी गोल मी खाल्लेत."

"माहीत आहे. शेजारीच बसलेला असतो मी."

"मग?"

"तू गुडघे लवकर टेकतोस."

"तुझे टेकतच नाहीत म्हणून तुला तसं वाटतं, म्हाताऱ्या." त्याचा आवाज चढला नव्हता, ओट्सोचा कधी चढत नाही. "तेरा वर्षांपूर्वी तुझी फजिती झाली, ती धुवायला माझी जागा हवी होती. तसं सरळ सांग ना."

"हवी होती," डार्सी म्हणाला. "ते खरं आहे. आणि हेही खरं आहे."

ओट्सोनं रेआलकडे पाहिलं. रेआल म्हणाला, "निर्णय माझा आहे, त्याच्यावर राग काढू नकोस." ओट्सो फिनिश भाषेत काहीतरी बोलला, आणि वर गेला. या खेपेला एकेक पायरी.

डार्सी दुपारी पॅडची भलीमोठी पिशवी गाडीत टाकून निघाला. मी त्याच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला. तो म्हणाला, "तांत, बाकावर बसायला आशीर्वाद लागत नाही."

त्यानंतर ओट्सो आमच्या टेबलावर जेवायला आला नाही. मी झाकलेली ताटली जिन्यावर ठेवायची. सकाळी ती रिकामी, घासलेली, पुसलेली परत त्याच पायरीवर असायची. एवढं त्याच्या आईनं चांगलं लावलेलं वळण.

शुक्रवारी गावात सामना झाला आणि ओट्सोनं एकही गोल जाऊ दिला नाही. पडून, लोळून, पाय पसरून त्यानं सगळं अडवलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि रेआल बाकामागे मान खाली घालून उभा होता. मोठ्या संघानं चुकीचा माणूस नेला, हे दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या गावाचं ठरून गेलं. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपून आम्ही पायऱ्या उतरत होतो, तर गावातल्या ओडिल बाई माझा दंड धरून म्हणाल्या, "लिओनी, तुझ्या भावाचे डोळे तपासून घे बाई. माझा जावई ओळखीचा आहे, चष्मा स्वस्तात देईल."

मी म्हटलं, "सांगते." दुसरं काय म्हणणार? मलाही वाटायला लागलं होतं, की मी त्या सकाळी एका माणसाच्या मनाची समजूत घातली, पण दुसऱ्याचं नुकसान झालं असलं तर? त्या आठवड्यात दोघांची नावं घेऊन मी रोज जपमाळ केली. खेळासाठी मी कधी मागत नाही. समोरच्या जाळ्यातही कुणाचं तरी लेकरू उभं असतं.

डार्सीचा फोन यायचा. रेआल विचारायचा, "काय करतोस?"

"दार उघडतो." राखीव गोली बाकाच्या टोकाला, फाटकाजवळ बसतो, आणि खेळाडू आत-बाहेर करतात तेव्हा ते फाटक उघडतो. "सगळे म्हणतात, इतकं छान दार आजवर कुणी उघडलं नाही. पोरगा कसा आहे?"

"बोलत नाही."

"जेवतो का?"

"जेवतो."

"मग ठीक आहे," डार्सी म्हणायचा, पण लगेच फोन ठेवायचा नाही.

दुसऱ्या रविवारी दुपारी मोठ्या संघाचा सामना टीव्हीवर होता. रेआल खुर्चीत, मी एक रिकामं भांडं मांडीवर घेऊन डाग घासत होते. तेवढ्यात ओट्सो आला. हातात दोन ताटल्या होत्या. त्या ओट्यावर ठेवून तो जायला वळला, आणि टीव्हीसमोर थबकला.

"बस," रेआल म्हणाला.

"नको. जातोय."

तो गेला नाही. दाराच्या चौकटीला टेकून राहिला.

जाळ्यातल्या गोलीचं त्या दिवशी काहीच जुळत नव्हतं. तिसरा गोल गेला तेव्हा त्यांच्या कोचनं बाकाच्या टोकाकडे बघून नुसती मान हलवली. डार्सी उठला. मुखवटा ओढला, फाटक स्वतःसाठी उघडलं आणि बर्फावर उतरला. त्याचं ते जड पाऊल बर्फावर दिसत नाही.

रेआलनं खुर्चीचे हात घट्ट धरले. मी भांडं खाली ठेवलं. मी खेळासाठी मागत नाही म्हटलं ना, तर तेव्हाही मागितलं नाही. त्याची मान खाली जाऊ देऊ नकोस, एवढंच म्हटलं.

दुसऱ्याच मिनिटाला चकती आपल्याच खेळाडूच्या काठीला लागून वळली आणि आत गेली. चार झाले. प्रेक्षकांत गलका झाला.

"त्यात त्याची चूक नव्हती," दारातून ओट्सो म्हणाला. "तो कुणालाच अडवता आला नसता."

रेआलनं मागे पाहिलं नाही. शहाणपण केलं. ओट्सो आत येऊन टीव्हीजवळच्या स्टुलाच्या कडेवर बसला.

डार्सीनं मग दोन अडवल्या, तीन अडवल्या. साध्याच होत्या. आणि एकदम समोरचा एक जण आमच्या सगळ्यांना मागे टाकून एकटाच निघाला. नुसता तो, बर्फ आणि डार्सी. तो जवळ आला, काठी उचलली, आणि मारली नाही. थांबला. अजून थांबला.

धप्प असा आवाज झाला. ओट्सो स्टुलावरून खाली आला होता, दोन्ही गुडघे फरशीवर, हात दोन्हीकडे पसरलेले, तो जसा जाळ्यात बसतो तसा.

टीव्हीवर डार्सी अजून उभा होता.

मारणाऱ्यानं मग शेवटी मारली, उंच, खांद्याच्या वर. ती डार्सीच्या छातीवर आपटली आणि त्याच्या पायाशी पडली. त्यानं तिच्यावर हात ठेवला.

ओट्सो तसाच फरशीवर होता. त्यानं आधी टीव्हीकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. कान लाल झाले होते. उठायची त्याला काही घाई नव्हती. उरलेला सामना त्यानं तिथेच बसून पाहिला.

सामना हरलो, चार-दोन. शेवटी खेळाडू बाहेर जाताना डार्सीनं मुखवटा वर केला. केस कपाळाला चिकटलेले, तोंड दमलेलं. कुणीतरी काठीनं त्याच्या पॅडवर थोपटलं. तो समोर बघत चालत गेला.

"उद्या सकाळी सरावाला बर्फ मिळेल का?" ओट्सोनं विचारलं.

"मिळेल," रेआल म्हणाला. "का?"

"कुणीतरी चकत्या मारायला हव्यात. घाई न करता."

"मी मारतो."

"चालेल. तुम्हाला तसंही वेगानं जमत नाही."

रेआल हसला, खूप दिवसांनी. मी वाटाण्याचं सूप गरम करायला ठेवलं. ओट्सोनं खिशातून फोन काढला आणि कानाला लावला. डार्सी उचलत नव्हता. अजून कपडेही उतरवले नसतील त्यानं. ओट्सोनं निरोप ठेवण्यापुरती वाट पाहिली, मग आमच्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "मी आहे. तू उभा होतास. मी खाली गेलो होतो." जरा थांबला. "परत आल्यावर मला दाखव."

मग त्यानं खुर्ची ओढली आणि आमच्या टेबलावर जेवायला बसला.