रत्नाबाईंचं लुगडं

सुचेताला एक वेळ नवऱ्याची मैत्रीण चालली असती, पण आपल्या मांजरीची दुसरी आई? छे! आणि शेजारच्या रत्नाबाईंनी नेमकं तेच चालवलं होतं. पुण्याहून बंगळुरात, बनशंकरीत राहायला आल्यावर सुचेताने हे पिल्लू गटाराच्या कडेने उचललं, बाटलीने दूध पाजलं, हौसेने मोका नाव ठेवलं. आणि ही बया, सुचेता ऑफिसला गेली रे गेली की बाल्कनीतून उडी मारून रत्नाबाईंच्या मांडीवर! तिथे तिचं नाव चिन्नी. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी मेली.

त्या मेलीला परवा स्कूटरने उडवलं. मागच्या मांडीचं हाड मोडलं.

"ऑपरेशन करून हाडाला धातूची पट्टी बसवावी लागेल," डॉक्टर चंदना म्हणाल्या. "पिंजऱ्यात घरच्या माणसाचं अंगावरचं कापड घाला. ओळखीचा वास असला की जनावर घाबरत नाही."

सुचेताने काय करावं? आपला सगळ्यात मऊ टी-शर्ट धुतला, सुगंधी कंडिशनरात बुडवला, वर इस्त्री करून घातला. पुणेरी टापटीप! मोका त्याच्यापासून लांब सरकून कोपऱ्यात ओरडत राहिली.

ऑपरेशनला निघताना रत्नाबाई जिन्यातच उभ्या. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात काढलेलं घर त्यांचं. "सुचेता, हे माझं नेसतं लुगडं घे गं. पोर स्वल्प शांत होईल."

"थँक्यू, अक्का," सुचेता गोड हसली आणि खाली जाऊन लुगडं गाडीच्या डिकीत कोंबलं. मांजर माझी, वासही माझाच असेल!

ऑपरेशन चांगलं झालं. पण घरी आल्यावर मोका गळ्यात प्लास्टिकची कॉलर घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. चिकन नको, मासळी नको. सुचेताने हात लावला की अंग चोरायची. "मांजर उपाशी राहिली तर लिव्हरवर जातं," डॉक्टरांनी फोनवर बजावलं. "आज खाल्लं नाही तर उद्या ॲडमिट करू, नळीने भरवावं लागेल."

रत्नाबाईंना बोलवावं? बोलावलं की मांजर गेलीच म्हणून समजा. सुचेताचं मन तयार होईना.

एवढ्यात पलीकडच्या बाल्कनीतून हाक आली, "चिन्नी, ऊट आयिता? जेवलीस का गं?"

मोकाने कान टवकारले. दोन दिवसांत पहिल्यांदा! सुचेताच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने उठून बाल्कनीचं दार धाडकन लावलं. मोकाने त्या बंद दाराकडे पाहिलं, आणि हनुवटी पुन्हा फरशीवर टेकली.

सुचेता तशीच अनवाणी खाली गेली. डिकीतून लुगडं काढलं. शिकेकाई, हिंग, खोबरेल, सगळ्याचा वास त्याला. वर येऊन तिने ते खांद्यावरून पांघरलं आणि जमिनीवर बसली. मोका दुखरा पाय ओढत आली, मांडीत शिरली, घुरघुरायला लागली.

"मोका," सुचेताने बोटावर चिकन धरलं. "मोका, खा ना गं."

मोकाने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

सुचेता तिच्या कानाशी वाकली. पलीकडे ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "चिन्नी, ऊट आयिता?"

खरबरीत जीभ बोटाला लागली. एक घास गेला, मग दुसरा. सुचेताने डोळे पुसले, तेही त्याच लुगड्याला.