कुठलं बोट?

“डोळे मिटा आणि मी कुठलं बोट दाबतोय ते सांगा,” मापकाका म्हणाले.

बाकावर बसलेल्या तरुण गिऱ्हाइकाने आधी त्यांच्याकडे आणि मग आपल्या पायातल्या नव्याकोऱ्या बुटाकडे पाहिलं. आपण बूट घ्यायला आलोय की भविष्य बघायला, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता. तरी त्याने डोळे मिटले. काकांनी बुटावरूनच अंगठ्याने दाब दिला. तो म्हणाला, करंगळी. पुन्हा दाब दिला, तेव्हा म्हणाला, अंगठा, नाही, त्याच्या शेजारचं. काकांची मान डोलली. ज्या बोटाला जागा कमी पडते ते लगेच ओरडतं आणि ज्याला जागा जास्त होते त्याला दाबलेलं नीट कळत नाही, असं त्यांचं साधं शास्त्र होतं. जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं, हे तर खरंच. पण ते त्याला घरी गेल्यावर कळण्यापेक्षा दुकानातच कळावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

सायकलींच्या त्या मोठ्या दुकानात बुटांचा कोपरा काकांकडे होता. मालकापासून सामान उतरवणाऱ्या माणसापर्यंत सगळे त्यांना मापकाकाच म्हणत. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याचं माप काढता म्हणे, अशी कुणी चेष्टा केली, तर काका म्हणत, मी फक्त पायाचं काढतो, माणसाचं माप काढायला घरी बायको आहे.

या गिऱ्हाइकाला पांढरे, चकचकीत, शर्यतीतले बूट हवे होते. सायकल चालवणार कुठे, असं काकांनी विचारलं, तर घर ते ऑफिस, मध्ये चिक्कार सिग्नल आणि शेवटी तीन जिने. मग काकांनी नेहमीचं प्रवचन सुरू केलं. हा पांढरा बूट लांबच्या डांबरी रस्त्याचा. त्याचा तळ फळीसारखा कडक, खाली पट्टी बाहेर आलेली, ती पॅडलमध्ये अडकते आणि पायाचा सगळा जोर चाकाला मिळतो. पण उतरून चाललात की बदक होतं माणसाचं. दुसरा बूट मातीच्या वाटांचा आणि चढणींचा. त्याची पट्टी तळात बुडवलेली असते, म्हणजे चढावर दम संपला की सायकल ढकलत माणसासारखं चालता येतं. आणि ऑफिसला जाणाऱ्यासाठी हा तिसरा. साधा, रबरी तळाचा. त्यात अडकायचं नाही, त्यामुळे सुटायचंही नाही. अडकायला काय, कुणालाही जमतं. टाच बाहेर फिरवली की पाय सुटतो, आणि ते ज्याला वेळेवर जमत नाही तो भर चौकात सायकलसकट आडवा होतो.

तरुण जरा हिरमुसून तिसऱ्या प्रकारचे बूट घेऊन गेला. तो दारातून बाहेर पडत असतानाच काकांचे थोरले भाऊ आत आले. सायकल त्यांनी बाहेरच भिंतीला टेकवली होती.

दादा काकांपेक्षा बारा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा काका शाळेत होते आणि दादा एका शिंप्याकडे काजं-बटणं करत होते. पुढे त्यांनी पायमशीन घेतलं आणि त्या मशीनवर धाकट्याचं शिक्षण केलं, आईचं आजारपण काढलं, दोघा भावांची लग्नं लावली. लोकांचं हातावर पोट असतं, दादांच्या घरात सगळ्यांची पोटं त्यांच्या पायावर होती. त्यांनी सांगितलेली गोष्ट काकांनी आजवर कधी मोडली नव्हती. तसा प्रसंगच आला नव्हता म्हणा, कारण दादांनी सांगितलेल्या गोष्टी फार थोड्या आणि बहुतेक काकांच्याच भल्याच्या असत.

वहिनी गेल्यापासून दादांच्या घरात आठवडाभर फक्त रेडिओ बोलत असे. दादा बोलत ते रविवारी. त्यांच्या वयाच्या सात-आठ जणांचं एक टोळकं दर रविवारी सायकलवरून धरणापर्यंत जाऊन येई. त्यात एक निवृत्त मास्तर होते, एक कंत्राटदार होता, एक दाताचे डॉक्टर होते. वाटेत चहा, एकमेकांची उणीदुणी आणि परत. रविवारी संध्याकाळी दादा फोन करत, तेव्हा त्यांच्या आवाजात जान आलेली असे. तो फोन काकांची बायकोही स्पीकरवर ठेवून ऐके.

“तो पांढरा काढ माझ्या मापाचा,” दादा बाकावर बसत म्हणाले.

तुला कशाला तो, असं काकांनी हसतच विचारलं. इतकी वर्षं साध्या बुटांवर धरण गाठलंस, आता शर्यतीत उतरणार का? दादा हसले नाहीत. पाय पॅडलवरून घसरतो, म्हणाले. मागच्या रविवारी उतारावर घसरला आणि सायकल गटाराकडे गेली, मास्तरांनी हँडल धरलं म्हणून बचावलो. टोळक्याने मग वाटेतच सभा भरवली. कंत्राटदाराचं म्हणणं पडलं की अडकणारे बूट घ्या, मग पाय जाऊन जाऊन जाईल कुठे. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की आता पुरे करा. पुढच्या रविवारी बूट घालून आलो नाही तर मला बरोबर नेणार नाहीत, असं ठरलंय.

“घसरतो म्हणजे कसा? तळ गुळगुळीत झालाय का?” काकांनी विचारलं.

“तळ चांगला आहे. कधी घसरला तेच कळत नाही,” दादा म्हणाले आणि खोक्यांकडे बघू लागले.

काकांना ते बोलणं आवडलं नाही. पण त्यांनी खोकं काढलं, खाली बसले, दादांचे जुने बूट उतरवले आणि मोज्यांवरून नवे चढवले. चढवताना पाय मदत करत नव्हता. झोपलेल्या मुलाला सदरा घालावा तसं काकांना करावं लागलं. बूट माप घेऊन शिवल्यासारखा बसला. काका म्हणाले, डोळे मीट.

दादांना ही परीक्षा बघून बघून पाठ होती. त्यांनी डोळे मिटले. काकांनी अंगठा दाबला, दादा म्हणाले अंगठा. करंगळी दाबली, दादा म्हणाले करंगळी. काकांचा जीव भांड्यात पडला. उगाच नको ते मनात आणलं, असं स्वतःशी म्हणत त्यांनी मान वर केली, आणि त्यांना दादांच्या पापण्यांमधली बारीक फट दिसली. दादा त्यांच्या हाताकडे बघून उत्तरं देत होते.

काकांनी हात बुटापासून केसभर वर धरला आणि नुसतं कोपर हलवलं.

“मधलं,” दादा म्हणाले.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण माणसाला वाईट बातमी एकदा कळून भागत नाही. काकांनी त्यांना वर छताच्या पंख्याकडे बघायला सांगितलं. मग दोन्ही हातांनी बुटाचा पुढचा भाग धरला आणि सगळी बोटं एकदम, आपली नखं पांढरी होईपर्यंत आवळली. दुसरा कुणी असता तर कळवळला असता. दादा निवांत पंख्याकडे बघत होते.

“दाब की,” ते म्हणाले.

काकांनी हात सोडून बुटाचा पट्टा उगाच सैल केला, पुन्हा आवळला. मग ते म्हणाले की हे माप तुझ्यासाठी बरोबर नाही, पुढचं मागवावं लागेल आणि ते येईपर्यंत महिना जाईल. मापाच्या बाबतीत ते आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलत होते. त्यामुळे ते त्यांना जमलं नाही.

“चांगला बसलाय की,” दादा म्हणाले.

“घट्ट आहे.”

“मला घट्ट लागत नाहीये.”

“तेच म्हणतोय मी.”

दुकानात हवा भरायचा पंप चालू झाला आणि बंद पडला. दादांनी खाली पाहिलं नाही. मग वर बघतच त्यांनी सांगितलं. बरेच महिने झाले. साखर आहे हे तर तुला माहीत आहेच. आधी तळव्यांना मुंग्या यायच्या, रात्री झोप लागायची नाही. मग हळूहळू मुंग्या यायच्या बंद झाल्या.

“मला वाटलं, बरं झालं,” दादा म्हणाले. “बरं वाटत असताना डॉक्टरकडे कोण जातं?”

काकांना राग आला होता, आणि तो दादांवर की स्वतःवर हे त्यांना ठरवता येत नव्हतं. गावभरच्या पायांना बोटं विचारत फिरणारा हा माणूस, पण घरातल्या एका पायाला त्याने कधी विचारलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पण दादांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. ते म्हणाले, असू दे, तू हाच बूट दे. पाय कळत नसेल तर अडकलेला काय वाईट? निदान जागेवर तरी राहील.

“आणि सुटणार कसा?” काका म्हणाले. “टाच फिरली की नाही हे तुलाच कळणार नाही. मागून ट्रक आला तर खाली बघत बसशील का पाय कुठे आहे ते?”

“जमेल रे. सवयीने सगळं जमतं.”

“नाही जमायचं.”

“म्हणजे तू देणार नाहीस मला.”

“नाही देणार, दादा.”

हे शब्द आपल्या तोंडून आले याचं काकांनाच नवल वाटलं. दादा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “बरं, काढ मग.”

काकांनी डाव्या पायातला बूट काढला. मग उजवा काढला आणि थबकले. बुटाच्या आत, पांढऱ्या अस्तरावर टाचेच्या जागी लाल डाग उमटला होता. त्यांनी पाय मांडीवर घेतला आणि मोजा सावकाश गुंडाळत खाली आणला. टाचेपाशी तो अडकला. मोज्यातून आरपार जाऊन एक टाचणी टाचेत घुसली होती. तिचं फक्त डोकं बाहेर होतं, चालून चालून मोज्यासकट कातडीत चपटं बसलेलं. भोवतालची जागा सुजली होती आणि हाताला गरम लागत होती.

दादा वाकून बघू लागले. रस्त्यात पडलेली दुसऱ्या कुणाची वस्तू बघावी तसे ते आपल्या टाचेकडे बघत होते.

“माझीच आहे,” ते म्हणाले. “शेजारच्यांच्या पोराची पँट आखूड करत होतो परवा. तेव्हापासून मोजे उतरवलेच नाहीत.”

परवापासून दादा या टाचणीवर उभे होते, स्वयंपाक करत होते, आणि आज सायकल मारत इथवर आले होते. हे मनात येताच काकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. ते त्यांनी लपवलं नाही. टाचणी उपटू नकोस, डॉक्टरच काढतील, असं म्हणत त्यांनी दुकानातल्या औषधांच्या डब्यातून स्वच्छ पट्टी आणली आणि पायाभोवती सैल गुंडाळली. मालकाला काय झालं ते सांगितलं. मालकाने स्वतः टॅक्सीला फोन केला.

टॅक्सी येईपर्यंत दोघे बाकावर शेजारी बसले. एक पोक्त गिऱ्हाईक खोकी चाळत होतं. दादांच्या पुढ्यातले पांढरे बूट बघून त्याने विचारलं, कसे आहेत हो हे? दादांनी पट्टी बांधलेला पाय बाकाखाली ओढून घेतला. बूट उत्तम आहेत, म्हणाले, लांब जाणाऱ्यांसाठी. मग गिऱ्हाईक पुढे सरकल्यावर ते हळू आवाजात काकांशी बोलले.

“सायकल इथेच राहू दे. सीट दोन बोटं खाली घे, तुला उंच पडेल.”

“मी काय करू सायकल घेऊन?”

“रविवारी जा त्यांच्याबरोबर. पहाटे निघतात आणि कुणासाठी थांबत नाहीत, तेव्हा उशीर करू नकोस. कंत्राटदाराला सांग की...” दादा थांबले. “जाऊ दे. काही सांगू नकोस. नुसता जा.”

काकांनी हो म्हटलं. सायकल आत आणून त्यांनी मालकाच्या टेबलामागे उभी केली. तोवर बाहेर टॅक्सी आली होती. दादांनी काकांचा खांदा धरला, पण भार टाकला नाही. जुना बूट एका पायात आणि दुसऱ्याला पट्टी, असे ते ताठ चालत गेले. काका पलीकडच्या दाराने आत बसले आणि त्यांच्याकडे वळले. दादांनी सीटवर बसून एक पाय आत घेतला, मग दुसरा घेतला. मग ते वाकले, दोन्ही पाय खरंच आत आले आहेत हे डोळ्यांनी नीट पाहून घेतलं आणि मगच दार ओढलं.