पडत्या काचेला हात

ज्या वर्षी आमच्या सूनबाईने, भिंगरीच्या आईने, दुसऱ्या शहरातली नोकरी धरली आणि फक्त सुट्टीपुरती घरी येऊ लागली, त्या वर्षी भिंगरी पंधराची झाली. माझी ताई, म्हणजे भिंगरीची आजी, त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. घरात उरलो आम्ही चौघं. दाजी, त्यांचा मुलगा म्हणजे माझा भाचा, भाच्याची मुलगी भिंगरी, आणि मी. ताईच्या लग्नानंतर थोडे दिवस हाताशी माणूस हवा म्हणून मी आलो, तो तिथेच म्हातारा झालो. भाचा मला मामा म्हणायचा, म्हणून गिऱ्हाईकंही मामा म्हणायची आणि भिंगरीही. दाजी चिडले की तेवढे 'मेहुणे' म्हणायचे.

आमचं काचेचं दुकान. खाली दुकान, वर घर. भिंतीला टेकून लाकडी घोड्या, त्यांवर तिरक्या उभ्या काचा आणि आरसे. मधे मोठं टेबल, त्यावर जुनी घोंगडी अंथरलेली. कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवायचं, पट्टीला लावून एका दमात ओढायचं, आणि मग काचेच्या पोटाखाली हलकेच ठोकायचं. हात थांबला की काच वाकडी फुटते. दाजींचा हात थांबत नसे.

या कामात एक गोष्ट सगळ्यांत आधी शिकवतात. काच पडायला लागली की हात मागे. माणसाचा हात पडत्या वस्तूला आपोआप पुढे जातो, आणि पडती काच मनगट घेऊन जाते. म्हणून ती सवय लहानपणीच मोडावी लागते. दाजी ती जेवताना मोडायचे. बोलता बोलता कोपराने स्टीलची ताटली टेबलावरून ढकलायची, आणि ज्याचा हात पुढे गेला त्याने सगळ्यांची भांडी घासायची. भाचा असाच शिकला. भिंगरी चालायला लागली तेव्हापासून शिकली. आमच्याकडे कोणाच्या हातून पेला निसटला की घरातली सगळी माणसं दोन्ही हात छातीशी धरून एक पाऊल मागे. शेजारी हसायचे. "काय हो, पोलीस आले की काय घरात?"

दाजींनी हाच नियम पोरांनाही लावला. भिंगरी सायकलवरून पडली तर दुकानातून कोणी धावायचं नाही. "पडू दे. उठेल." आणि ती उठायची, हे खरं आहे. गुडघा फुटलेला, नाक लाल, सायकल ढकलत यायची आणि आजोबांना म्हणायची, "तुम्ही बघत होतात ना? मग हसलात का?" दाजी म्हणायचे, "हसलो नाही. दात बाहेर आलेत म्हाताऱ्याचे." पोर धीट झाली. कोणाला न घाबरता बोलायची. एका जागी बसणं माहीत नव्हतं, म्हणून भिंगरी. मला अक्षरं तिनेच शिकवली. धूळ बसलेल्या काचेवर बोटाने मोठं अक्षर काढायची आणि सांगायची, "मामा, पुसायच्या आधी वाचा."

सूनबाई गेल्यावर पहिले काही महिने काही जाणवलं नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "जेवलीस का? अभ्यास झाला का?" भिंगरी हो म्हणायची.

मग एके दिवशी तिने मला वर बोलावलं. तिच्या खोलीत ताईच्या हातचा, लाकडी चौकटीचा आरसा होता. म्हणाली, "मामा, हा खाली न्या. गिऱ्हाईकाला देऊन टाका."

"का गं? तडा गेलाय का?"

"जागा अडवतो."

मी आरसा उतरवला. दाजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "या वयात पोरींना स्वतःचं तोंड आवडत नाही. पुढच्या महिन्यात दोन मागेल." आम्ही हसलो. पण त्यानंतर मला दिसायला लागलं, की ही पोर दुकानातून जाताना मान खाली घालून जाते. आमच्या दुकानात मान वर केली की चहूकडे आपलंच तोंड दिसतं. आधी ती त्या आरशांसमोर वाकुल्या दाखवत शाळेला जायची.

जेवण कमी झालं. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. फोन वाजला की आधी झडप घालायची, आता फोन उशीखाली ठेवायची, आणि तो थरथरला की तिचा खांदा हलायचा. भाच्याने एकदा विचारलं. ती म्हणाली, "काही नाही." पुन्हा एकदा, तो काचेला पॉलिश मारत असताना, ती स्वतःहून त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, मी शाळा बदलली तर?"

"का?"

"असंच. मुलं बोलतात."

"बोलू देत. चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील. आपल्या घरात कोणी पळून जात नाही."

"बरं," ती म्हणाली. भाचा वाईट माणूस नव्हता. त्याला जसं वाढवलं होतं तसंच तो बोलला. वर मला म्हणाला, "बघ मामा, विचारलं तरी मला." त्याला बरंच वाटलं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी एका व्यायामशाळेचे मोठे आरसे तयार करायचे होते. भाचा आणि मी एक आरसा टेबलाकडे आणत होतो. भिंगरीला दाजींनी वरून खाली बोलावलं होतं, घोडीजवळ उभं राहून बाकीच्यांना नुसता आधार द्यायला. तेवढीच दुसऱ्या गोष्टीत रमेल, असा त्यांचा विचार. आमचा आरसा फिरवताना माझा पाय घोडीला लागला. कडेची काच सुटली. माणसाच्या उंचीची होती. ती वरून झुकायला लागली आणि मी ओरडलो, "हात मागे."

भाचा सरला. मी सरलो. भिंगरी सरली नाही.

तिने हात पुढेही केला नाही. तिचे दोन्ही हात खाली लोंबत होते. ती वर बघत होती, येणाऱ्या काचेकडे, जशी आपण बस येताना बघतो.

दाजी बाजूला स्टुलावर बसले होते. त्यांनी हात घातला. उजवा हात, कोपरापासून पुढे, काच आणि पोर यांच्या मधे. काच त्यांच्या हातावरून घसरून बाजूला फुटली. आवाज बंद झाल्यावर मी पाहिलं तर ते मनगट दुसऱ्या हाताने आवळून धरत होते आणि म्हणत होते, "तिच्या पायात चप्पल आहे का बघा. काचा आहेत खाली."

दवाखान्यात नेताना गाडीत भाचा त्यांच्यावर चिडला. घाबरला की तो चिडायचा.

"अण्णा, सगळ्या जन्मात शिकवलंत हात घालायचा नाही. आणि तुम्हीच?"

"ती सरली नाही," दाजी म्हणाले.

"दचकली असेल हो."

"आपल्या घरातलं पोर दचकलं की मागे सरतं. झोपेत सरतं. तूही सरलास मघाशी. ती उभी राहिली." मग म्हणाले, "ती पडणारी काच बघत उभी राहिली रे."

भाच्याला कळलं. काचवाल्याच्या घराबाहेर हे कोणाला कळलं नसतं. डॉक्टरांनाही आम्ही अपघात झाला एवढंच सांगितलं, आणि त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

घरी आलो तेव्हा भिंगरी दुकानाच्या आतल्या जिन्यावर बसली होती. काचा तिने झाडून एका बाजूला केल्या होत्या. दाजी हात गळ्यात अडकवून तिच्या शेजारच्या पायरीवर बसले. मी आणि भाचा खाली उभे.

"दुखतंय का आजोबा?"

"दुखतंय. तुला काय दुखतंय?"

दाजी वाट बघत बसले. एरवी त्यांना असं बसवत नसे, दोन वाक्यांत निकाल लावून उठायचे. त्या दिवशी उठले नाहीत. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, "मला कंटाळा आला होता. वाटलं, पडली तर पडू दे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खेळाच्या तासानंतर कपडे बदलताना कोणीतरी तिचा फोटो काढला होता. वर्गातल्या मुलामुलींच्या फोनमधून तो फिरत होता. थांबला असं वाटलं की खाली नवीन काहीतरी लिहून परत यायचा. जिच्यासोबत ती डबा खायची तिनेही पुढे पाठवला होता. "सायकलवरून पडलं की कळतं कुठे लागलं," ती म्हणाली. "हे रोज पडतं. उठायचं कुठून तेच कळत नाही."

आणि ती रडायला लागली. आवाज न करता रडायची सवय लागली होती तिला, ते दिसत होतं.

मी भाच्याकडे पाहिलं. तो जिन्याच्या तळाशी उभा होता, दोन्ही हात छातीशी धरून. त्याला ते माहीतही नव्हतं. पोर समोर कोसळत होती आणि त्याचे हात शिकवल्याप्रमाणे मागे गेले होते.

"हात काढ तिथून," दाजी म्हणाले. "जा तिच्याकडे."

तो दोन पायऱ्या चढला. मुलीला कुठे धरायचं तेच त्याला कळेना. आधी खांद्याला लावला हात, मग काढला, मग डोक्यावर ठेवला, जसा आपण ओल्या रंगाला लावतो तसा. भिंगरीने ते डोकं त्याच्या पोटात खुपसलं. मी काचा भरायला गेलो. कोणीतरी भरायलाच हव्या होत्या.

सूनबाई दुसऱ्या दिवशी आली ती महिनाभर राहिली. शाळेत जाणं झालं, तिथल्या मोठ्या बाईंनी आधी 'मुलं आहेत' म्हणून पाहिलं, सूनबाई खुर्चीवरून हलली नाही तेव्हा फोटो पाठवणाऱ्यांच्या घरी निरोप गेले. मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे भिंगरी जाऊ लागली. शाळा बदलली. एवढं करून पोर एकदम बरी झाली असं नाही. चांगले दिवस यायचे, आणि मधेच असा एखादा दिवस यायचा की ती अंथरुणातून उठायची नाही. अशा दिवशी घरातलं कोणीतरी खोलीत नुसतं जाऊन बसायचं. बोलायचं नाही, उपदेश तर नाहीच. भाचा वर्तमानपत्र घेऊन बसायचा. मी बसलो तर मला डुलकी लागायची आणि माझ्या घोरण्याने ती उठायची.

दाजींची जखम भरायला फार वेळ लागला. भरली, पण दोन बोटं मिटेनात. कटर धरता येईना. ज्या माणसाने काचेशिवाय काही केलं नव्हतं तो सकाळी नातीबरोबर बसथांब्यावर जाऊन उभा राहू लागला. शर्टाची बटणं भिंगरी लावून द्यायची. "वरचं लावू नकोस, गळफास बसतो." "लावणार. नवऱ्या मुलासारखे दिसता." दुकानात नियम तोच राहिला. नवीन कारागीर आला की दाजी ताटली ढकलायचे, डाव्या हाताने.

पुढच्या वर्षी त्यांच्या पायांवर सूज आली, मग चेहऱ्यावर. एक जुनं गिऱ्हाईक चौकट घ्यायला आलं होतं. मला म्हणालं, "हात कापला तेव्हापासूनच म्हातारा खचला हो." भिंगरी मागे कागदात काच गुंडाळत होती. तिने गुंडाळणं संपवलं, दोरी बांधली, आणि वर गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी दाजींना सांगितलं. त्यांना जिना उतरायलाही दम लागायचा. तरी म्हणाले, "दवाखान्यात जायचंय. भिंगरीला घेऊन."

डॉक्टरांच्या समोर ते खुर्चीत बसले, तिला शेजारी बसवलं. मी दाराजवळ.

"डॉक्टर, मी कशाने चाललोय ते हिला सांगा. गोडीगुलाबी नको."

डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "साखर. वीसेक वर्षांची आहे. मूत्रपिंडं थकलीत."

"आणि हात?"

"हाताचा याच्याशी संबंध नाही. हात बरा झालाय."

"ऐकलंस?" दाजी म्हणाले. "गोड मी खाल्लं. तू नाही."

भिंगरी खाली बघत होती. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मीच आणून द्यायची बिस्किटं. गुपचूप."

दाजींनी माझ्याकडे बोट केलं, त्या न मिटणाऱ्या बोटांपैकी एक. "तुझी किती होती? डबे तर याने आणले. काय मेहुणे?"

आम्ही दोघांनीही आणली होती. तिच्यापेक्षा मी जास्त की कमी, हे मला आता आठवत नाही. मी म्हणालो, "हो. मीच."

परत येताना गाडीत ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. दाजी मला म्हणाले, "मी गेल्यावर लोक पुन्हा हाताचंच म्हणतील. तेव्हा मी सांगायला नसेन. तू सांग. आता लिहिता येतं ना तुला, तर लिहून ठेव."

लोक म्हणाले. अजून म्हणतात. म्हणून लिहिलं.

माझे दाजी, भिंगरीचे आजोबा, त्या थंडीच्या शेवटी एका सकाळी गेले. जुन्या साखरेने गेले. भिंगरी तेव्हा सतरा वर्षांची होती.