चौदा किलोंच्या वर

डॉ. आदिनाथ शेटे यांच्या नावावर स्त्रीरोगशास्त्रातले पुष्कळ पेपर होते. त्यातले काही त्यांनी वाचलेही होते. पेपर विद्यार्थ्यांनी लिहायचा आणि पहिलं नाव सरांचं घालायचं, अशी कॉलेजची रीत होती. नैवेद्य आधी देवाला, तसं. पण आता प्रोफेसर व्हायचं तर एक तरी पेपर चांगल्या जर्नलमधला हवा, असं वरून आलं. तिथं पैसे भरून छापत नव्हते. तिथं काहीतरी जगावेगळं लागत होतं.

ते जगावेगळं श्रावणात एसटीनं आलं. देवळाली प्रवऱ्याकडच्या कडूबाई. पन्नाशी उलटलेली, हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र नऊ महिन्यांचं. आळीतल्या बायका म्हणाल्या, नवस बोल. कडूबाईंनी नवस बाजूला ठेवला आणि नवऱ्याला, छगनला, घेऊन तडक दवाखाना गाठला.

सोनोग्राफीत अंडाशयाला पाण्याची गाठ निघाली. अंदाजे अकरा किलो.

"अकरा," सर पुटपुटले, स्थळ पसंत पडावं पण मुलगी उंचीला कमी निघावी तसे. त्यांचे वर्गमित्र डॉ. अंगद यांनी शेजारच्या तालुक्यात चौदा किलोंची गाठ काढली होती आणि तेवढ्या एका गाठीवर ते प्रोफेसर झाले होते.

"मावशी, रक्त कमी आहे तुमचं. गोळ्या देतो. दिवाळीनंतर करू ऑपरेशन."

एमडीच्या शेवटच्या वर्षाला असलेली संस्कृती शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "सर, हिमोग्लोबिन दहा आहे. परवा आपण आठवर केलंय."

"संस्कृती, तुझ्या प्रबंधावर सही कोण करणार?"

"तुम्हीच, सर."

"मग रक्त कमी आहे."

नवरात्रात कडूबाई पुन्हा आल्या. "सायेब, जेवन जात न्हाई. दोन घास खाल्लं की धाप लागती. आडवं व्हता येत न्हाई, भितीला टेकून रात काढते."

सरांनी पोटाला टेप लावला, पोटाचा फोटो काढला आणि त्यांचा चेहरा खुलला.

बाहेर आल्यावर छगन बायकोला म्हणाला, "सायेब हसलं, बघितलं का? म्हंजी जिवाला धोका न्हाई."

दिवाळीच्या तोंडावर शेणाची पाटी उचलताना कडूबाई गोठ्यात कोसळल्या. टेम्पोत घालून आणलं तेव्हा अंग गार पडलं होतं. पोट उघडलं, तर गाठ फुटलेली. पाणी पोटभर पसरलं होतं. सक्शनच्या बाटल्या भरल्या, उरलेलं फरशीवर गेलं. जे हाती आलं ते सरांनी काट्यावर ठेवलं. सहा किलो.

"बाटल्यांतलं धरायचं का यात?"

"धरलं तरी फरशीवरचं राहतंच, सर."

आयसीयूत कडूबाई गेल्या तेव्हा सर खरोखर खचले. डोळे भरून आलेले सगळ्या वॉर्डानं पाहिले. छगननंच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सायेब, तुमी कशाला जिवाला लावून घेता? तुमी लई केलं. तिची दोरीच तेवढी हुती."

दशक्रियेचं आवतण आलं. आमच्या भागात भाषणांशिवाय पिंडाला कावळा शिवत नाही, म्हणून घाटावर माईक होताच. गाडीत मागच्या सीटवर संस्कृती लॅपटॉप घेऊन बसली होती.

"सर, सर्वांत मोठी गाठ असं आता म्हणता येणार नाही."

"फुटलेली म्हणता येईल. एवढ्या मोठ्या फुटलेल्या फार कुणी छापल्या नाहीत." सर बऱ्याच दिवसांनी सावरून बसले. "अंगदचीसुद्धा फुटली नव्हती."

"उपचाराला उशीर का झाला, ते विचारतील."

"ग्रामीण भागातलं अज्ञान, अंधश्रद्धा आणि स्त्रियांची स्वतःच्या आरोग्याबद्दलची अनास्था. लिही."

संस्कृतीची बोटं थांबली.

"दुसरं नाव तुझं आहे," सर म्हणाले.

संस्कृतीनं लिहिलं. अनास्थेच्या आधी 'कमालीची' हा शब्द तिनं स्वतःहून घातला.

घाटावर सोसायटीचे चेअरमन बोलले, दूध संघाचे संचालक बोलले, मग सर उभे राहिले. "माझ्या माताभगिनींनो, दुखणं अंगावर काढू नका. कडूबाई वेळेत आल्या असत्या तर आज आपल्यात असत्या." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दोघी-तिघींनी तिथल्या तिथं तपासून घ्यायचं ठरवलंसुद्धा.

भाषण झाल्यावर सरांनी छगनला बाजूला घेतलं. फोटो छापायला घरच्यांची संमती लागते, असं त्यांनी समजावून सांगितलं. छगननं मुंडण केलेल्या डोक्यावरची टोपी सारखी केली आणि शाईच्या पॅडवर अंगठा दाबला.

"फोटोत तोंड दिसंल का तिचं, सायेब?"

"नाही. फक्त पोट."

छगननं अंगठ्याची शाई धोतराला पुसली. "असू द्या. तिचा एक बी फोटो न्हाई आमच्याकडं. छापून आला की मला द्या एक, भितीला लावीन."

"देऊ की. पण इंग्रजीत असेल हं सगळं."

"असू द्या की," छगन म्हणाला, "मला कुठं मराठी वाचता येतंय?"