वयनीच्या हातची कोळंबी

गव्हाणच्या खाडीकाठी, कोळंबीच्या तलावाच्या बांधावर सकाळपासून माणसं ताटकळत होती. ऊन भाजत होतं, तरी कोणी हलेना. तलावात जाळीचे दोन कप्पे बांधलेले. एकाला भगवी चिंधी, दुसऱ्याला काळी.

"एकच पाणी, एकच खाद्य!" मठातले बाबा गरजले. "भगव्यात माझ्या हातची कोळंबी, काळ्यात या बाईच्या हातची. महिन्याभरात काय झालं, डोळ्यांनी बघा!"

शिष्य धनेशनं दोन्ही कप्प्यांतली कोळंबी दोन टोपल्यांत ओतली. भगव्यातली टपोरी, काळ्यातली बारकी. एकच गलका उठला. कुणी बाबांच्या पायावर लोळलं.

'या बाई' म्हणजे भामा. नवरा वारल्यापासून तलाव तीच सांभाळायची. तिच्या हातात दोष आहे, तलाव मठाला दिला तरच घर वाचेल, असं बाबांनी सांगितलं होतं. धाकटा दीर भगवान पुरता हादरला होता. त्याच्या बायकोला दिवस गेले होते. त्यानं चार माणसांत वहिनीला अवदसा म्हटलं, तिची चूल वेगळी केली आणि तलावाच्या कागदावर अंगठा दे म्हणून तगादा लावला.

मी पनवेलच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. प्रात्यक्षिकासाठी कोळंबी भामाकडूनच नेते. तिनंच फोन केला होता. "रेवा मॅडम, माजा हात खराब हाय का, येवडं येऊन सांगा."

मी पुढे झाले. भगव्या टोपलीतली एक कोळंबी उलटी केली, मग दुसरी, मग मूठभर. काळ्या टोपलीतलीही पाहिली. मग मी बाबांकडे वळले.

"बाबा, तुमच्याकडे सगळ्या माद्या कशा? आणि भामाताईंकडे सगळे नर?"

"देवाची इच्छा!"

"भगवानभाऊ, इकडे या. पोटाखाली बघा. पोहायच्या पायांच्या पहिल्या जोडीत नराला हा अवयव असतो. मादीला नसतो. या जातीत मादी नरापेक्षा मोठी होते. ते तिला जन्मतःच मिळालेलं असतं, कुणाच्या हातानं नव्हे."

"पन कोलंबी तर येकाच तलावातली टाकली," भगवान चाचरला.

"टाकली कोणी?"

सगळ्यांच्या नजरा धनेशकडे वळल्या. "तू कोळंबीची पिल्लं तयार करणाऱ्या बीज केंद्रात कामाला होतास ना रे? तिथं नर-मादी ओळखायला शिकला असशील?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. धनेशनं बाबांकडे पाहिलं. बाबा डोळे मिटून पुटपुटायला लागले.

"कप्प्यांबाहेर, मोकळ्या तलावात जाळं टाका," मी म्हटलं. "तिथं खाद्य भामाताईच घालतात."

भगवाननं स्वतः जाळं फेकलं. वर आली ती सरमिसळ: टपोऱ्या माद्या, बारके नर. माद्यांमध्येही लहानमोठ्या होत्याच. जसे आईबाप, तशी वाढ. म्हणून तर बीज केंद्रात आईबाप पारखून निवडतात.

"निवडून टाकली मी," धनेश एकदम म्हणाला. "बाबांनी सांगितलं."

मग जो आरडाओरडा झाला, त्यात बाबा गाडीत बसून निघालेसुद्धा.

भगवान खाली मान घालून भामासमोर आला. "वयनी, घरी चल."

"नाय येत," भामा म्हणाली. "चार मानसांत मला अवदसा बोललास. चार मानसांतच बोल, चुकलं."

तो बोलला. मोठ्यानं.

टोपल्या सगळ्यांसमोर होत्या. एकालाही कोळंबी उलटी करून बघावीशी वाटली नाही. कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर आधी एवढं विचारा: निवड कोणी केली? उत्तर मिळेपर्यंत हात जोडू नका.