न चाखलेली पेज

माझी बायको लुओत हिचं पहिलं वर्षश्राद्ध थोरल्या मुलाकडे, त्वानकडे, व्हायचं होतं, म्हणून मी क्वांगत्रीहून खाली दक्षिणेत सायगॉनला आलो. तिला मरळीची पेज आवडायची. तांदळाच्या जाड शेवया, मरळ मासा, कांद्याची पात आणि डोळ्यांतून पाणी येईल इतकं तिखट. ती पेज नीट तिच्या फोटोपुढे ठेवली गेली की झालं, बाकी मला काही नको होतं.

सून ताम म्हणाली, "बाबा, फ्लॅटमध्ये कशाला पसारा? बाहेरून मागवू. तुम्हीच चाखून ठिकाण ठरवा."

मग त्वान मला स्कूटरवर मागे बसवून फिरवत राहिला.

पहिल्या दुकानात टेबलावर हात ठेवला तर चिकटला. पायाखाली चुरगळलेले कागद, पिळलेली लिंबं आणि कुणीतरी तोंडातून काढून टाकलेली हाडं. पेज आली. घोट घेतला तर गोड. चुकलं असेल म्हणून पुन्हा घेतला, तरी गोडच. माशात साखर घालतात ही माणसं. मी वाडगा सरकवला.

दुसरीकडे गोगलगायींवर चीज वितळवून देत होते. पिवळ्या तारा लोंबत होत्या आणि चांगली शिकलेली पोरं बोटं चोखत होती. मी दुकानाच्या बाहेरच थांबलो.

"बाबा, चाखा तरी."

"वासानंच पोट भरलं."

"तुम्हाला ना, काहीच आवडत नाही."

"माझं सोड. तुझ्या आईच्या पुढे ठेवायचंय हे."

शेवटी एका गल्लीत क्वीबाईंच्या दुकानात गेलो. बाई आमच्याच बाजूच्या होत्या. पातेल्याला वासही बरोबर येत होता. मला बरं वाटायला लागलं तोच बाईंनी पळी बुडवली, सुर्रकन घोट घेतला, पळी चाटली आणि तीच पळी पुन्हा पातेल्यात घातली.

"बाई, हे काय केलंत?"

"काय केलं काका? मीठ बघितलं."

"श्राद्धाच्या पेजेलाही असंच बघता?"

"मग काय नुसतं टक लावून बघू?"

"तिच्या आधी तुम्ही खाणार? आणि मग तिला उष्टं वाढायचं?"

बाई हसल्या. "काका, अर्धी गल्ली माझ्याकडून श्राद्धाची ताटं नेते. आजवर एकही मेलेला तक्रार घेऊन आला नाही."

त्वानही हसला. पळीपेक्षा त्या हसण्याची मला जास्त किळस आली.

"बरं, तुमचं नाही चाखणार," बाई म्हणाल्या आणि त्वानला डोळा मारला. मी ते पाहिलं आणि तिथून निघालो.

श्राद्धाच्या सकाळी मी बाजारातून जिवंत मरळ आणली. स्वयंपाक मी कधी केला नव्हता. लुओतचा बघितला होता तेवढाच. मासा हातातून निसटून सिंकमध्ये धडपडला. हाताला बुळबुळ, सदऱ्यावर रक्त, खवले भिंतीवर. ताम नाकाला रुमाल लावून दारात उभी राहिली.

"बाबा, घरभर वास सुटलाय."

"माशाला माशाचाच वास येणार."

पेज उकळली तशी ताम चमचा घेऊन पुढे आली. मी चमचा काढून घेतला.

"अहो, खारट झाली असली तर?"

"असू दे. आधी तिचं."

पेजेचे वाडगे फोटोपुढे ठेवले. उदबत्त्या लावल्या. त्या जळून संपेपर्यंत तिचं जेवण, म्हणून आम्ही सगळे आणि तामच्या माहेरची माणसं बसून राहिलो. मग वाडगे खाली आले. घरात मीच मोठा. मी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी हात लावणार नव्हतं.

मी घेतला. मीठ जिभेला चावलं आणि त्यामागून कडूजहर चव आली. साफ करताना माशाची पित्ताची पिशवी फुटली होती. दाताखाली खवला आला. थुंकणार होतो, पण माणसं बघत होती, म्हणून घास गिळला.

"कशी झालीय?" त्वाननं विचारलं.

"कडू."

"म्हणजे आईला..."

"आईला हेच मिळालं. पण उष्टं नाही मिळालं."

तामनं चमचाभर तोंडात घातली आणि तिचा चेहरा पिळल्यासारखा झाला. "बाबा, रागावू नका, पण ही खरंच घाण लागतेय."

"हो," मी म्हटलं.

पाहुण्यांनी वाडगे पुढे सरकवले. त्वान माझ्या कानाशी आला. "क्वीबाईंकडून मागवू का सगळ्यांना?"

"मागव. तिचं जेवण झालंय. आता कुणीही काहीही खा."

तो फोन करायला बाहेर गेला. मी माझा वाडगा संपवायला घेतला. प्रत्येक घासाला पाणी प्यावं लागत होतं.