गिरिजाबाईंकडचं मेहूण

अधिक महिना आला की गिरिजाबाई मेहूण जेवू घालतात. नवरा-बायकोला शेजारी शेजारी पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, लक्ष्मीनारायण समजून वाढायचं. वाटूरला आमच्या आळीत हा मान ठरलेला सुहासिनीबाईंचा. त्यांचे भालचंद्रराव बँकेत, दिवे लागायला घरी. आमचे हे ट्रकवर. मी एकटीच जायचे, पुरण वाटायला.

"चांगुणाबाई, तुमची लक्ष्मी इथं अन् नारायण आसामात!" सुहासिनीबाई म्हणायच्या. मीही हसायचे. पण घरी जपाला बसले की डोळ्यांपुढे तो जोडीचा पाटच यायचा.

औंदा ह्यांचा आळीतल्या दुकानात फोन आला, "ट्रकातलं बियाणं उतरलं. मेहुणाच्या दिवशी, बारशीला, घरी येऊन राह्यलो." तशीच गिरिजाबाईंकडे गेले. कधी कुणाला काही मागितलं नव्हतं, ते मागितलं. त्या म्हणाल्या, "मंग दोन मेहुणं घालू की."

हे आले, आंघोळ करून धोतर नेसले. गिरिजाबाईंनी परातीत पाय ठेवायला सांगितलं. डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टम्म सुजलेला.

"भाऊ, हे काय?"

"काही न्हाई वहिनी. घाटात क्लच दाबून दाबून."

मग पाटावर बसायची वेळ आली. डावा गुडघा मोडेचना. भिंत धरून टेकले, पुन्हा उठले.

"कारभारीभाऊ, आसाम गाठता अन् पाट गाठता येईना?" शेजारच्या पाटावर बसलेले भालचंद्रराव मांडी न हलवता हसले.

त्या मांडीकडे मी बघतच राहिले. त्यांच्या नोकरीचा, सुहासिनीबाईंच्या पाटल्यांचासुद्धा इतका हेवा कधी वाटला नव्हता. कशी निवांत दुमडली होती! रोज संध्याकाळी आपल्या घरात दुमडणारी.

"मी घरी जाऊन पडतो," हे हळूच म्हणाले. "यांचंच मेहूण होऊ द्या."

गिरिजाबाईंनी सुहासिनीबाईंकडे पाहिलं.

"बिलकुल न्हाई." माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी आमची दोन्ही ताटं उचलून बाहेर ओट्यावर नेली. कडेला ह्यांना पाय खाली सोडून बसवलं, शेजारी मीही तशीच बसले. "गिरिजाबाई, आमचं इथं वाढा."

दुसऱ्याच घासाला ह्यांची मान झोपेनं डुलली. मी कोपरानं ढोसलं. "जेवा, आतून बघून राह्यलेत."

"बघू दे," म्हणत ह्यांनी आपल्यातला अनारसा माझ्या ताटात टाकला.

आत सुहासिनीबाई मान वाकडी करकरून बघत होत्या. भालचंद्रराव खाली बघून भात कालवत होते. मी पदर नीट केला अन् ह्यांच्याकडे आणखी थोडी सरकले.